सोलर घेण्याआधी बोअरचं पाणी तपासा

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, बाकी सगळी भिस्त बोअरवर. बोअरचं पाणी इतकं जड आहे की पातेल्याला पांढरा थर बसतो, तूरडाळ शिजता शिजत नाही. गीझरची कॉइल दोनदा गेली, म्हणून थंडीत पहाटे पाचला उठून मी अंगणात बंब पेटवते. तुराट्या ओल्या असल्या की नुसता धूर होतो आणि मग दिवसभर खोकला.

आता सोलर हिटर घ्यायचं ठरवतोय. एक दुकानदार म्हणतो काचेच्या ट्यूबचा दोनशे लिटरचा घ्या. दुसरा म्हणतो ट्यूब फुटतात, प्लेटवाला तीनशे लिटरचा घ्या, सबसिडीचं बघू. यांचं म्हणणं, गच्चीवर विजेचेच सोलर पॅनल लावू आणि गीझर वापरू. सासरे म्हणतात बंब चांगला आहे, पैसे कशाला घालवायचे. काय करावं?

उत्तर:

ताई, नमस्कार. पहाटे पाचला उठून धुरात बसणाऱ्या तुम्ही आहात, त्यामुळे या खरेदीत तुमचा शब्द सगळ्यांत आधी धरला पाहिजे. घरात ही गोष्ट स्पष्ट बोला. पैसा घरातला आहे, पण खोकला एकट्या तुमच्या वाट्याला येतोय.

दोन्ही दुकानदार मशीनबद्दल बोलले. पाणी कुठलं वापरता हे त्यांतल्या एकानेही विचारल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही. मराठवाड्यात सोलर टिकतो की दोन वर्षांत भंगारात जातो, हे पाण्यावर ठरतं. ऊन आपल्याकडे सगळ्यांना सारखंच आहे, पाणी मात्र गल्लीगणिक बदलतं. काळ्या खडकातून मुरत आलेलं बोअरचं पाणी बरोबर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. गार असेपर्यंत ते विरघळलेले राहतात. तापलं की त्यांतला बराचसा भाग पांढरा होऊन खाली बसतो आणि भांड्याला, कॉइलला, पाइपला चिकटतो. तुमच्या गीझरची कॉइल बहुधा यामुळेच गेली. थर चढला की कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल स्वतःच तापत राहते आणि जळते. हेच पाणी सोलरमध्ये सोडलं तर तिथेही हाच थर बसणार.

म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे स्वच्छ बाटलीत बोअरचा नमुना द्या आणि नळाच्या पाण्याचा वेगळा द्या. अहवालात तीन आकडे बघायचे: एकूण कठीणता, विरघळलेले एकूण क्षार म्हणजे टीडीएस, आणि क्लोराइड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली समजतात, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000 आहेत, क्लोराइडसाठी 250 आणि 1000. सोलरसाठी म्हणून काही वेगळी रेषा आखलेली नाही, पण बोअरची कठीणता तीनशे-चारशेच्या वर निघाली तर ते पाणी सरळ सोलरमध्ये सोडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डाळ शिजत नाही म्हणता, त्यावरून आकडा वरच निघेल असं वाटतं.

आता प्लेट की ट्यूब. प्लेटवाल्या सोलरमध्ये, ज्याला दुकानदार एफपीसी म्हणतात, काचेखाली तांब्याच्या बारीक नळ्या असतात, साधारण अर्धा इंचाच्या. साध्या प्रकारात तुमचं पाणी त्या नळ्यांतून फिरत तापतं. जड पाण्याने त्या आतून भरत जातात आणि एकदा चोंदल्या की ॲसिडने धुण्यावाचून मार्ग राहत नाही. तुमच्या बोअरवर साधा प्लेटवाला म्हणजे पैसे पाण्यात. प्लेटचाच आणखी एक प्रकार असतो, त्यात नळ्यांतून वेगळं पाणी बंद चक्रात फिरतं आणि टाकीच्या बाहेरच्या कवचातून आतल्या पाण्याला उष्णता देतं. त्याला हीट एक्स्चेंजरवाला म्हणतात. जड पाण्याला तो चालतो, दणकट असतो, पण किमतीला बराच चढा पडतो.

ट्यूबवाल्यात, म्हणजे ईटीसीत, काचेची दुहेरी नळी असते आणि दोन काचांमधली हवा काढून घेतलेली असते. त्यामुळे बाहेर गार वारा असला तरी आतली उष्णता निसटत नाही. परभणीची थंडी तुम्हाला मी काय सांगू, पारा कितीतरी पहाटे एक आकड्यावर येतो. अशा वेळी ट्यूब प्लेटपेक्षा उजवी ठरते. नळी 47 किंवा 58 मिलिमीटर जाडीची असल्याने क्षारांनी लवकर बुजत नाही. गाळ तळाशी बसतो आणि वर्षातून एकदा नळ्या काढून धुता येतात. तुमच्या पाण्याला, तुमच्या थंडीला आणि पत्रातून जाणवणाऱ्या तुमच्या बजेटला ट्यूबवालाच बरा.

ट्यूब फुटतात हे दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं मात्र खोटं नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. गावात वानरांची टोळी फिरत असेल तर तोही विचार करायला हवा. आणि ट्यूब फुटली की नुसती काच जात नाही. साध्या ट्यूबवाल्यात पाणी थेट नळीत असतं, त्यामुळे एक नळी फुटली तरी सोलरची टाकी रिकामी होते आणि तिला जोडलेली वरची टाकीही त्याच भोकातून वाहून जाते. चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरात हे नुकसान काचेपेक्षा मोठं. वानरांचा त्रास रोजचा असेल तर वरून जाळी बसवून घ्या. जाळी विरळ भोकांची असावी, तिची सावली नळ्यांवर दाट पडता कामा नये.

माझा मुख्य सल्ला इथेच येतो. सोलरला स्वतःची वेगळी छोटी टाकी द्या आणि ती फक्त नळाच्या पाण्याने भरा.

कसं ते सांगते. बादलीने अंघोळ करणाऱ्या माणसाला साधारण वीस लिटर कोमट पाणी लागतं. सोलरचं पाणी पंचावन्न अंशांचं आणि टाकीतलं गार पाणी वीस अंशांचं धरलं, तर चाळीस अंशांच्या बादलीत सोलरचं पाणी जेमतेम साडेअकरा लिटर जातं, बाकीचं गार. सहा माणसांचं मिळून झालं सत्तर लिटर. म्हणजे चार-पाच दिवसांना तीनशे-साडेतीनशे लिटर. एवढं नळाचं पाणी नळ आला त्या दिवशी बाजूला भरून ठेवणं तुम्हाला अवघड नाही. बादलीत मिसळायचं गार पाणी बोअरचंच राहू द्या, त्याने मशीनचं काही बिघडत नाही. नळाचं पाणी धरणाचं असेल तर बोअरपेक्षा बरंच हलकं असतं, तरी अहवालात खात्री करून घ्या. तीनशे-चारशे लिटरची प्लास्टिकची टाकी सोलरच्या मानाने स्वस्त पडते, आणि ट्यूब फुटलीच तर तेवढंच पाणी जाईल, घरची मोठी टाकी शाबूत राहील.

ही छोटी टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी. तिचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून फूटभर तरी वर राहील असा चौथरा किंवा लोखंडी स्टँड करून घ्या. फार उंच मात्र नको. साध्या ट्यूबवाल्याच्या रबरी सीलला जास्त दाब सोसत नाही आणि मग नळीच्या तोंडाशी गळती लागते. सोलरच्या टाकीतून हवेचा एक पाइप वर जातो, त्याचं तोंड छोट्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आणि कायम उघडं असलं पाहिजे. काही प्लंबर पाणी सांडतं म्हणून त्याला बूच मारतात. तसं केलं की गरम पाणी काढताना आत हवा शिरत नाही आणि आतला पातळ पत्रा आत ओढला जाऊन टाकी चेपते. जोडणी होत असताना स्वतः गच्चीवर उभं राहून हे बघा.

पावसाळ्यात गच्चीचं पाणी धरता आलं तर आणखी चांगलं, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. सहाशे चौरस फुटांच्या स्वच्छ स्लॅबवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर पाच हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं धुवण सोडून द्यायचं आणि परतीच्या पावसाचं साठवायचं. रोज सत्तर लिटर धरले तर पाच हजार लिटर सत्तर दिवस पुरतात, म्हणजे कडाक्याची थंडी जवळजवळ निघून जाते. टाकीचा खर्च आहेच, त्यामुळे हे लगेच करा असं म्हणत नाही. जागा ठेवा, पुढच्या वर्षी बघा.

वरच्या हिशेबावरून आणखी एक गोष्ट निघते. तीनशे लिटरचा सोलर तुम्हाला नको, दोनशेचाही नको. भांड्यांना, सासूबाईंच्या पाय शेकायला आणि पाहुण्यांना धरूनही दीडशे लिटर भरपूर झाले. शॉवर लावणार असाल तर गोष्ट वेगळी, पण बोअरवर चालणाऱ्या घरात शॉवर लावू नये असं मला मनापासून वाटतं. मोठ्या टाकीला त्या मानाने नळ्या जास्त नसतील तर तेवढं पाणी तापायला ऊन जास्त लागतं, ढगाळ दिवशी सगळंच कोमट राहतं आणि पैसे तर आधीच गेलेले असतात. दीडशे लिटरला 58 मिलिमीटर जाडीच्या, 1800 मिलिमीटर लांबीच्या पंधरा नळ्या असाव्यात. यात नळ्या कमी देऊन टाकी मोठी दाखवण्याची चाल बाजारात आहे. लिटरचा आकडा ऐकून घ्या आणि नळ्या स्वतः मोजा.

टाकी कशाची आहे हे बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘स्टील’ म्हणून भागत नाही. 304 प्रतीचं स्टील हलक्या पाण्याला पुरतं. क्लोराइड जास्त असेल तर त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, अशा पाण्याला 316 एल प्रत घ्यावी, तिच्यात मॉलिब्डेनम असल्याने ती जास्त तग धरते. काही कंपन्या आतून काचेचा लेप दिलेली टाकी देतात, तीही चांगली. तिच्यात मॅग्नेशियमची एक दांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. पण ती झिजून संपली की बदलावी लागते, आणि हे दुकानदार बहुधा सांगत नाही. वॉरंटीच्या कार्डावर क्षारांमुळे झालेला बिघाड आणि फुटलेली काच धरलेली आहे का, ते पैसे देण्याआधी वाचा. बहुतेक ठिकाणी नसते. दुरुस्तीचा माणूस तालुक्यात राहणारा हवा, दूरच्या शहरातून ‘पाठवतो’ म्हणणारा नको.

सबसिडीचं म्हणाल, तर पाणी तापवायच्या सोलरवरचं केंद्र सरकारचं अनुदान 2014 मध्येच बंद झालं. आज ज्याची जाहिरात होते ती पीएम सूर्यघर योजना, 2024 ची, आणि ती विजेच्या पॅनलसाठी आहे: एक किलोवॅटला 30,000 रुपये, दोनला 60,000, तीन किंवा जास्तीला 78,000. पाण्याच्या सोलरवर ‘सबसिडीचं बघू’ म्हणणाऱ्याला योजनेचं नाव कागदावर लिहून मागा.

यजमानांचा विचार टाकाऊ नाही. पॅनल लावले तर पंखे, फ्रिज, मोटार सगळ्यालाच वीज मिळते. पण पाण्यापुरतं बोलायचं तर सत्तर-पंचाहत्तर लिटर पाणी वीसचं पंचावन्न अंशांवर न्यायला रोज तीन युनिटच्या आसपास वीज जाते, आणि ते पाणी बोअरचं असेल तर गीझरच्या कॉइलचं रडगाणं तसंच चालू राहतं. शिवाय बॅटरीशिवायचे, लाइनला जोडलेले पॅनल लाइट गेली की बंद पडतात. पॅनल पुढेमागे लावाच, मात्र त्यासाठी गच्चीवर दक्षिणेकडची मोकळी जागा राखून सोलर बसवा, म्हणजे नंतर हलवाहलव नको.

जागा ठरवताना डिसेंबरचा विचार करा. उन्हाळ्यात गच्चीवर कुठेही ऊन असतं, आपल्याला मात्र थंडीतलं ऊन हवं. डिसेंबरच्या शेवटी परभणीत भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच असतो. त्यामुळे दक्षिणेला शेजाऱ्याची दहा फूट भिंत असेल तर तिची सावली दुपारीही नऊ फुटांपर्यंत येते, सकाळी त्याहून लांब. कडुलिंबाचं झाडही बघा. सकाळी नऊपासून तीनपर्यंत नळ्यांवर सावली नको, तोंड दक्षिणेला, उतार तीस-पस्तीस अंशांचा. घराचा काही भाग अजून माळवदाचा असेल तर त्यावर हे वजन ठेवू नका, भरलेला सोलर दोनशे किलोच्या वर जातो. वळवाच्या वाऱ्यात उडू नये म्हणून स्टँड स्लॅबला बोल्टने आवळून घ्या.

स्नानघरापर्यंतचा पाइप जितका आखूड तितकं पाणी वाचतं. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर पाणी थांबलेलं असतं. पंधरा मीटर लांब असेल तर गरम पाणी येईपर्यंत जवळजवळ चार लिटर गार पाणी आधी बाहेर येतं. ते बादलीतच धरा, मिसळायला उपयोगी पडेल. एवढ्या अंतराला अर्धा इंची पाइप पुरत असेल तर वाया जाणारं पाणी निम्म्यावर येतं. पाइप गरम पाण्याचा, सीपीव्हीसीचा घ्या आणि त्यावर फोमचं वेष्टण चढवा.

एक काळजी सगळ्यांत महत्त्वाची आणि ती आपल्याच भागात जास्त लागते. टाकी कोरडी पडली आणि भर उन्हात नळ्या रिकाम्या तापल्या, तर आतली उष्णता दोनशे अंशांपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी नळ आला म्हणून दुपारी गार पाणी सोडलं की काच तडकते. कोरडा पडलेला सोलर नेहमी सूर्य उगवण्याआधी किंवा रात्री नळ्या निवल्यावर भरा. गावाला जाताना नळ्यांवर गोणपाट टाका. एप्रिल-मे महिन्यात अर्ध्या नळ्या झाकूनच ठेवा, तेव्हा वरच्या टाकीतलं पाणीच आपोआप तापलेलं असतं. आणि मुलांना, सासूबाईंना सवय लावा: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सोलरचं पाणी साठ-सत्तर अंशांवर जातं, हात भाजायला तेवढं पुष्कळ झालं.

सोलरच्या टाकीत विजेची कॉइल बसवून देतो असं दुकानदार म्हणेल. नका घेऊ. दोन किलोवॅटची कॉइल दीडशे लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अडीच तासांहून जास्त घेते, आणि ढगाळ दिवशी तुम्हाला लागणार आहेत जेमतेम सत्तर लिटर.

त्या दिवसांसाठी सासऱ्यांचा बंब आहेच. तो मोडीत काढू नका. आषाढ-श्रावणातल्या झडीत, सलग ढग असताना, सोलर कोमटच पाणी देईल. तेव्हा ते कोमट पाणी बंबात घालून तापवलं तर सरपण निम्म्याने कमी लागेल. सासऱ्यांनाही हे असंच सांगा, बंब जात नाही, रोज पहाटेचा धूर जातो. तुराट्या-पऱ्हाट्या पावसाआधी पत्र्याखाली रचून ठेवणं मुलांकडे आणि यजमानांकडे द्या. आणि झडीच्या दिवशी बंब पेटवायची पाळी दर वेळी तुमचीच असायचं काही कारण नाही.

दिवाळीच्या आधी बसवून घ्या म्हणजे थंडी वाया जाणार नाही. आधी पाण्याचे दोन नमुने द्या आणि नळाच्या पाण्याचा क्लोराइडचा आकडा मला कळवा. 304 पुरेल की 316 एल घ्यावी, ते मी त्यावरून सांगते.